मापाडी

सावद्यात, ठिबकच्या दुकानावरच्या माळ्यावर,
दर मंगळवारी शटर ओढलं की आम्ही खेळतो.
नकाशा जुन्या कॅटलॉगच्या पाठीवर,
राक्षस म्हणजे सोळा एमएमचे जॉइनर,
आणि वीस बाजूंचा एकच फासा, पुण्याहून कुरिअरने आलेला,
एका कोपऱ्याचा टवका गेलेला.

गोष्ट मी सांगते.
बाकीचे तिघे तीत जगतात,
आणि पहिल्या महिन्यात तिघेही मरत होते.
भूपेश बोंडे तर दोनदा, एकाच विहिरीत.

म्हणून मी म्हातारा आणला.
पांढरी दाढी, काठी, गुहेत दिवा.
रुबाब तडवी हसला,
"काय भो, हा तं कॅलेंडरवरून उतरला."
खरंच होतं. खोडला.

मग मार्केट यार्डातला मापाडी आठवला,
भरल्या गाडीचं वजन चाकाच्या आवाजावरून सांगणारा,
डाव्या करंगळीचं एक पेर काट्यात गेलेलं.
त्याला नदीच्या उतारावर बसवलं, तराजूसकट.
पलीकडे जाणाऱ्याने त्याच्यापुढे ओझं ठेवायचं.
तो एवढंच म्हणायचा,
"आधी रिकामं पोतं तोला."

त्या रात्री यामिनी फिरकेने
आपली ढाल आपणहून खाली ठेवली.

मग बिघडलं.
प्रत्येक फाट्यावर, मापाड्याला विचारू.
दार कुठलं? मापाडी. विष कुणी घातलं? मापाडी.
आणि त्याला सगळं ठाऊक, कारण मला ठाऊक.
मीच प्रश्न पेरायचे, मीच उत्तर कापायचे,
फासा पडून शेंगांच्या टरफलांत.

एकदा त्याला मुद्दाम चुकवलं.
"पाणी गुडघ्याएवढं," तो म्हणाला,
अन् भूपेशचं खेचर वाहून गेलं.
मला वाटलं, आता सोडतील त्याला.
भूपेशने तीन वळणं खाली जाऊन
गाळातून खेचराची घंटा काढून आणली
आणि मापाड्याच्याच हातात दिली.
काही बोलला नाही. मीही त्याला बोलू दिलं नाही.

चौदाव्या पानावर मी त्याचं मरण लिहून ठेवलं होतं.
पुलावर, पाठमोरा, शेवटचं वाक्यसुद्धा तयार.
मे महिना. लाइट गेलेली, रात्री दहालाही पत्रा तापलेला,
मेणबत्तीची धग नको म्हणून मोबाइलचा उजेड.
रुबाब म्हणाला, "आज मारशील ना याला?
असे म्हातारे आणतात काबरं? मारायलेच."

मी पान उलटलं.
तेवढ्यात यामिनीने विचारलं, माझ्याकडे न बघता, त्याला,
"बाबा, तुम्हाला काय हवंय?"

वर्ष झालं होतं. एकानेही हे विचारलं नव्हतं.
मी तर नाहीच.
कागदावर काही नव्हतं.
खालून केळीचा ट्रक गेला, सगळे राक्षस थरथरले.
मी फासा उचलला, ठेवला.
"मला," तो म्हणाला, "कुणी कधी तोललं नाही."

तिघांनी त्याला पारड्यात बसवलं.
दुसऱ्यात दोर, कंदील, घंटा, ढाल. काटा हलेना.
रुबाबने एक मुकुट टाकला,
कधी चोरला होता, मलाही माहीत नव्हतं.
काटा हलेना.
मग भूपेश, दोनदा मेलेला भूपेश, ओरडला,
"अरे, पोतं! आधी रिकामं पोतं!"

मापाडी इतका हसला
की मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी बिलबुक संपलेलं,
समोर रावेरचं गिऱ्हाईक, घाईतलं.
हाताला लागलं ते पान ओढलं
आणि कोऱ्या बाजूवर लिहून दिलं,
लॅटरल दोन बंडल, एंड कॅप चाळीस.

आता कुठल्याशा केळीच्या बागेत
कुणाच्या तरी बंडीच्या खिशात
एक म्हातारा पुलावर पाठमोरा उभा आहे,
घामाने शाई फुटतेय,
आणि त्याला ढकलायला कुणी येत नाही.